बाजार, मॉल आणि बसायची जागा

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी यंदा इतिहासावर काही लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गड, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. आपली वाशी पडली नवी वसाहत. किल्ला पाहावयाचा तर बेलापूरपर्यंत जावे लागते, आणि तेथेही आता अवशेषच उरले आहेत. अशा गावाचा इतिहास तो काय लिहावयाचा?

पण त्याच आठवड्यात एक लहानशी गोष्ट घडली. नातीच्या वाढदिवसाला पुस्तक घ्यावे म्हणून मी स्टेशनजवळच्या एका मॉलमध्ये गेले. दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात पुस्तकांचे दुकान होते, हे मला पक्के ठाऊक होते. जाऊन पाहते तो तेथे लहान मुलांच्या उड्या मारण्याच्या खेळांचे दालन! शेजारच्या दुकानातील मुलीला विचारले. ती म्हणाली, "पुस्तकांचं दुकान? नाही हो काकू, इथं आधी बुटांचं होतं." तिच्याबरोबरचा मुलगा म्हणाला, "आणि त्याच्या आधी मोबाइलचं." पुस्तकांचे दुकान दोघांनाही ठाऊक नव्हते. ज्या कोपऱ्यात उभ्या उभ्या मी निम्मी कादंबरी वाचून काढली होती, त्या कोपऱ्याची आठवण पंधरा वर्षांच्या आत पुसली गेली होती. पेशवाईतील एखाद्या पेठेची माहिती जुन्या दप्तरात सापडेल. पण आपल्या डोळ्यांदेखत उघडलेल्या आणि मिटलेल्या दुकानांची नोंद कोणी ठेवली आहे? तेव्हा ठरविले, की आपल्या बाजाराचाच इतिहास लिहावयाचा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी अर्थशास्त्र शिकलेली नाही. १९८५ साली लग्न होऊन वाशीला आले आणि तेव्हापासून पिशवी घेऊन बाजारहाट करते आहे, एवढाच माझा अधिकार. मी बाजार पाहिला तो पायांनी पाहिला. कोठे चालावे लागले, कोठे ताटकळत उभे राहावे लागले आणि कोठे घटकाभर बसायला मिळाले, हे माझ्या चांगले लक्षात आहे. म्हणून या लेखात दुकानांच्या बरोबरीने बसण्याच्या जागेचीही हकीकत येईल. वाचक भगिनींनी ती गोड मानून घ्यावी.

प्रथम जमिनीविषयी. आज जेथे मॉल, गाड्यांचे तळ आणि काचेच्या कचेऱ्या आहेत, तेथे भातखाचरे, मिठागरे आणि खाडीचा चिखल होता. आगरी आणि कोळी मंडळींची ही गावे. मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली. त्यांतील प्रवीणाबाई या वास्तुशास्त्रज्ञ होत्या, हे आपल्या मंडळातील पुष्कळ जणींना ठाऊक नसेल. पुढे १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादन करावयाचे ठरले. एकंदर क्षेत्र सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. ठाण्याच्या खाडीवरचा पूल १९७३ मध्ये खुला झाला आणि वाशी मुंबईला जोडली गेली.

जमीन देणाऱ्यांना काय मिळाले, हा प्रश्न मात्र सुटला नाही. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्यानंतर पुढे विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा परत देण्याची योजना आली. आपण ज्या गुळगुळीत फरशीवरून चालतो, तिच्याखाली कोणाचे तरी खाचर आहे, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

मी आले तेव्हा वाशीचा बाजार म्हणजे सिडकोने सेक्टरासेक्टरांत बांधलेले दुकानांचे गाळे. बैठ्या इमारती, पुढे व्हरांडा आणि त्यात वाणी, शिंपी, गिरणी, डॉक्टर आणि स्टेशनरीचे दुकान असा संसार. घरापासून चालत पाच-सात मिनिटांत सगळे मिळावे, असा त्या आखणीचा हेतू होता, आणि रोजच्या वस्तूंपुरता तो साधलाही होता. मासळी मात्र गावातील कोळणींकडून. त्या दारी येत किंवा नाक्यावर बसत. "घे गो बाय, ताजी हाय" ही हाक ऐकली की आमच्या सासूबाई स्वयंपाकघरातून ताट घेऊन बाहेर पडत. साडी, सोने आणि लग्नाचा बस्ता यांसाठी दादरला जावे लागे. रेल्वे नव्हती. बसने पूल ओलांडून जावयाचे आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परत यावयाचे, यात सबंध दिवस मोडे. पण दादरच्या दुकानात गेले की पांढऱ्या स्वच्छ गादीवर बसवीत, पाणी विचारीत आणि चाळीस साड्या उलगडून दाखवीत. त्यांतील एकही घेतली नाही तरी उठताना कोणी तोंड वाकडे करीत नसे. निदान आमच्या देखत तरी नाही!

आमच्या सेक्टरातील वाण्याच्या दुकानापुढे एक लाकडी बाकडे होते. यादी दिली की सामान बांधून होईपर्यंत त्यावर बसावयाचे. उधारीची वही आत आणि सुखदुःखाची वही बाहेर बाकड्यावर, असा तो कारभार होता. कोणाच्या मुलीला स्थळ आले, कोणाच्या मिस्टरांची बदली झाली, कोणत्या इमारतीला पाणी नाही, हे सारे तेथे कळे. आपल्या मंडळाची पहिली भिशी त्याच बाकड्यावर ठरली, हे नव्या सभासदांना सांगितले तर हसू येईल. पण ते खरे आहे. तेव्हा मंडळाला खोली नव्हती, फलक नव्हता, नोंदणी नव्हती. होते ते बाकडे.

पुढचे बदल भराभर झाले. ९ मे १९९२ रोजी मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल आली. त्याच वर्षाच्या आरंभी नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला होता. नव्या मार्गाच्या खर्चाचा दोन-तृतीयांश भार सिडकोने उचलला आणि स्टेशनेही नुसत्या फलाटांची न ठेवता वर कचेऱ्या व दुकाने असलेल्या मोठ्या इमारती म्हणून बांधली. दादर एका तासाच्या आत आले. १९९६ मध्ये मुंबईतील फळे-भाजीपाल्याचा घाऊक बाजारही इकडे हलला. ज्या वाशीला लोक कोपऱ्यातील गाव म्हणत, तिच्यातून सगळ्या मुंबईची भाजी जाऊ लागली. स्टेशनाभोवतीची जमीन मात्र बरीच वर्षे मोकळी होती. संध्याकाळी गाडीतून उतरले की अंधारातून झपझप चालत रिक्षा गाठावी लागे. त्याच मोकळ्या जागेत पुढे मॉल उभे राहिले.

मॉल म्हणजे तरी काय? एका छपराखाली पुष्कळ दुकाने, एवढाच अर्थ घेतला तर आपल्याकडे ते नवे नव्हते. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट १८६९ चे. पुण्याची मंडई १८८६ साली उघडली तेव्हा तिला गव्हर्नर रे यांचे नाव होते. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी मंडईच्या इमारतीवरील खर्चाला विरोध केला होता; तो पैसा शिक्षणावर लावावा, असे त्यांचे म्हणणे. काळाची गंमत अशी, की आज या दोन्ही बाजारांना त्यांचेच नाव आहे. पण मंडईत आणि मॉलमध्ये एक मोठा फरक आहे. मंडई नगरपालिकेची, म्हणजे आपल्या करांतून उभी राहिलेली आणि नगरसेवकाला जाब विचारता येईल अशी. मॉल खाजगी मालकीचा. तेथे आपण येऊ शकतो ते मालकाच्या इच्छेने. हा फरक आत गार हवेत उभे राहिल्यावर विसरायला होतो.

हल्ली आपण पाहतो त्या तऱ्हेचा, चोहोबाजूंनी बंद आणि आत हवेचे तपमान राखलेला पहिला मॉल अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९५६ साली उघडला. त्याचे नाव साउथडेल. तो आखणारे व्हिक्टर ग्रुएन हे मूळचे व्हिएन्नाचे. नाझींच्या आक्रमणामुळे १९३८ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. अमेरिकेतील उपनगरांत लोक घरातून मोटारीत आणि मोटारीतून घरात एवढेच करतात, एकमेकांना भेटत नाहीत, याचे त्यांना वाईट वाटे. व्हिएन्नाच्या चौकांत जसे लोक सहज फिरतात आणि बसून बोलतात, तसा चौक छपराखाली करावा, त्याच्या आसपास घरे, शाळा आणि दवाखाने असावेत, असे त्यांचे स्वप्न होते. दुकाने झाली, बाकीचे राहिले. भोवती पसरले ते मोटारींचे तळ. उतारवयात ग्रुएनसाहेबांनी या मॉलांचे जनकत्वच नाकारले.

मुंबईतील पहिला असा मॉल म्हणजे हाजीअलीजवळचे क्रॉसरोड्स, १९९९ चे. गर्दी आवरेना म्हणून तेथे काही काळ मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखविणाऱ्यालाच मोफत प्रवेश असे, इतरांना साठ रुपये भरावे लागत. त्या वेळी आमच्या घरी दोन्ही नव्हते. साठ रुपये होते, पण बाजारात शिरायला पैसे मोजावयाचे हे सासूबाईंना पटले नसते, आणि मलाही पटले नाही.

वाशीला मॉल आले ते नव्या शतकाच्या पहिल्या दशकात. स्टेशनजवळ सेंटर वन आणि रघुलीला झाले, २००८ मध्ये इनऑर्बिट उघडला. पुढे खारघर-पनवेलकडे आणखी झाले आणि २०१७ मध्ये सीवूड्स स्टेशनावरच मोठा मॉल उभा राहिला. तेथे फलाटावरून वर आले की थेट दुकानांत प्रवेश. तो प्रथम सीवूड्स ग्रँड सेंट्रल म्हणून ओळखला जाई; पुढच्याच वर्षी मालकी बदलली आणि आता त्याचे नाव नेक्सस सीवूड्स.

पहिल्या दिवसांतील आमची फजिती सांगितली नाही तर हा इतिहास खोटा ठरेल. सरकत्या जिन्याची आम्हांला विलक्षण भीती. आपल्या मंडळाच्या पाच जणी एकमेकींच्या पदराला धरून जिन्याच्या पायथ्याशी उभ्या, आणि मागे माणसांची रांग! शेवटी एका शाळकरी मुलाने प्रत्येकीचा हात धरून "आजी, आता टाका पाय" असे म्हणत वर पोहोचविले. त्या दिवशी आम्ही काहीही विकत घेतले नाही. वर जाऊन खाली आलो, आणि खाली येऊन पुन्हा वर गेलो.

भीती मोडल्यावर मॉलने आम्हांला काय दिले, तेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. पहिली गोष्ट म्हणजे स्वच्छ स्वच्छतागृह. या विषयावर स्मरणिकेत लिहू नये असे कोणाला वाटेल. पण बाजाराला निघण्यापूर्वी पाणी न पिणाऱ्या बायकांच्या दोन पिढ्या मी पाहिल्या आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे उजेड. रात्री नऊ वाजता मुलगी एकटी मॉलमध्ये असली तर आई घाबरी होत नसे. आणि तिसरी गोष्ट, मधल्या चौकातील बाके. मे महिन्याच्या उकाड्यात गुडघे धरलेल्या बायकांना चार घटका गार हवेत बसावयास मिळू लागले, काही विकत न घेता. दर बुधवारी चार वाजता आपल्या मंडळाचा एक गट तेथे जमत असे. वाण्याचे बाकडे एव्हाना रस्तारुंदीत गेले होते. जणू तेच बाकडे उचलून कोणी आत मांडले, असे आम्हांला वाटले.

आता दुकाने का बदलतात, त्याविषयी. मला समजले तेवढे सांगते. मॉलमध्ये एक-दोन फार मोठी दुकाने असतात. त्यांच्या ओढीने माणसे येतात, म्हणून त्यांना दर चौरस फुटाला कमी भाडे पडते. लहान दुकाने त्या गर्दीच्या आशेने जास्त भाडे भरतात. शिवाय गार हवा, सफाई, पहारा यांचा खर्च निराळा. काही ठिकाणी ठरावीक भाड्याखेरीज विक्रीतही वाटा द्यावा लागतो. म्हणजे मोठे दुकान बंद पडले की भोवतालची लहान दुकाने आपोआप कोमेजतात. दुसरे असे, की काही मॉलांत गाळे निरनिराळ्या लोकांना विकून टाकले गेले, तर काहींत सारे गाळे एकाच मालकाकडे राहिले. जेथे गाळे विकले, तेथे कोणी क्लासला दिला, कोणी कुलूप लावून ठेवला, आणि एकंदर बाजार कसा असावा हे ठरविणारा कोणी उरला नाही. मालक एकच असला तर तो कपड्यांशेजारी खेळणी आणि खेळण्यांशेजारी खाणे अशी जुळणी करू शकतो. देशभर मॉल चालण्या-न चालण्याचे हे एक मोठे कारण मानले जाते.

पण दुकाने मिटविण्यात सर्वांत मोठा वाटा आपल्या पर्समधील लहानशा यंत्राचा आहे. प्रथम गाण्यांच्या तबकड्यांची दुकाने गेली, कारण गाणी मोबाइलवर आली. मग छायाचित्रे धुऊन देणारी गेली. नंतर पुस्तके. २००७ मध्ये बंगळूरला फ्लिपकार्ट सुरू झाले ते पुस्तके घरपोच देण्यापासून, आणि २०१३ मध्ये ॲमेझॉनने आपल्या देशात दुकान थाटले. नातीसाठीचे पुस्तक मी अखेर मोबाइलवरूनच मागविले, हे कबूल केले पाहिजे. दुकान बंद झाले म्हणून हळहळणारी मीच, आणि ते बंद पाडणाऱ्यांतही मीच!

मोठी दुकानेही टिकली नाहीत. हायपरसिटी हे २००६ मध्ये मालाडला सुरू झालेले प्रचंड दुकान. त्याची शाखा वाशीच्या इनऑर्बिटमध्येही होती. घरातील मंडळी रविवारी सहल म्हणून तेथे ढकलगाडी फिरवीत. २०१७ मध्ये ते बिग बझारवाल्या फ्यूचर कंपनीने विकत घेतले. पुढे तीच कंपनी कर्जात बुडाली आणि २०२२ च्या आरंभी देशभरातील तिच्या शेकडो दुकानांचा ताबा रिलायन्सकडे गेला. मोठा मासा लहानाला गिळतो, एवढेच आम्हांला ठाऊक होते. गिळणाराही असा गिळला जातो, हे मॉलने शिकविले. आणि जे वाणी मॉलमुळे मरतील असे आम्ही म्हणत होतो, त्यांतील कित्येक आजही गाळ्यांत बसलेले आहेत. २०२० च्या टाळेबंदीत मार्चपासून ऑगस्टपर्यंत मॉलांना कुलपे होती, तेव्हा पिठाची पिशवी दाराशी ठेवून "पैसे नंतर द्या, काकू" म्हणणारा आमचा जुना वाणीच होता. १५ ऑगस्ट २०२१ पासून मॉल पुन्हा उघडले, तेव्हा लशीच्या दोन्ही मात्रांचे प्रमाणपत्र दाखवावे लागे. रांगेत उभी असताना मला क्रॉसरोड्सच्या दाराची आठवण झाली. कारण या खेपेला योग्य होते. पण मॉलला दार असते आणि दाराला पहारेकरी असतो, हे पुन्हा दिसले.

आता मुख्य गोष्ट. मॉल पुन्हा गजबजल्यावर बुधवारी आमचा गट नेहमीच्या चौकात गेला. बाके नव्हती. त्यांच्या जागी मोबाइलची आवरणे, अत्तरे आणि मक्याचे दाणे विकणारी छोटी चाकांची दुकाने उभी होती. बाकाचे भाडे येत नाही, त्या दुकानांचे येते. हिशेब सरळ होता. आमच्यातील एक भगिनी सत्तरी ओलांडलेली, दोन्ही गुडघे शस्त्रक्रिया झालेले. ती कारंज्याच्या कठड्यावर टेकली. पहारेकरी आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "मावशी, इथं बसायला परवानगी नाही. वर खाण्याच्या ठिकाणी बसा." वर बसावयाचे म्हणजे काहीतरी मागविणे आले. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. त्याला जे सांगितले होते, तेच तो सांगत होता.

एवढ्यात समोरच्या कपड्यांच्या दुकानातून एक मुलगी धावत आली. हातात एक प्लॅस्टिकचे स्टूल. "काकू, यावर बसा. आत या, म्हणजे कोणी काही म्हणणार नाही." आम्ही आत गेलो. आमची भगिनी बसली, पाणी प्याली, आणि सहज तिने त्या मुलीला विचारले, "अगं, तुझं स्टूल आम्ही घेतलं. तू कशावर बसणार?" मुलगी हसली. म्हणाली, "ते माल काढायचं स्टूल आहे, काकू. आम्ही बसत नाही. सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभंच. गिऱ्हाईक नसलं तरी." ती घणसोलीहून येते. बारावी झालेली आहे, वडिलांचे काम सुटलेले आहे. पायांना सूज येते म्हणून रात्री घरी गेल्यावर पाय भिंतीला टेकवून झोपते.

भगिनींनो, त्या क्षणी मला माझी लाज वाटली. वीस वर्षे मी मॉलमध्ये आमच्या बसण्याच्या जागेचा विचार करीत होते. दादरच्या दुकानातील गादी, वाण्याचे बाकडे, चौकातील बाक, सगळे मला आठवत होते. पण काउंटरपलीकडे उभी असलेली मुलगी बसते की नाही, हे माझ्या कधी डोक्यातच आले नाही. दादरला गादीवर मी बसत असे, तेव्हा साड्या दाखविणाराही माझ्यासमोर गादीवरच बसलेला असे. मॉलने मला बाक दिले आणि तिच्याखालची गादी काढून घेतली. आणि हा सौदा माझ्या लक्षातही आला नाही.

घरी येऊन थोडी चौकशी केली, तेव्हा एक उत्साहाची गोष्ट कळली. केरळात कोळिकोड येथे विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी कापडदुकानांतील स्त्रियांना एकत्र आणून 'पेनकूट्टू' ही संघटना उभी केली. त्यांची पहिली मागणी होती स्वच्छतागृहाची आणि दुसरी कामाच्या वेळी बसण्याची. कित्येक वर्षे त्यांनी हा आग्रह धरला. अखेर २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसण्याची सोय देणे बंधनकारक केले. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसा कायदा केला. पाहा, एका शिंपीण बाईने आणि तिच्या सोबतिणींनी कायदा बदलला! आपण तर नोंदणी झालेले मंडळ आहोत.

मंडळाच्या बैठकीत हा विषय मांडला, तेव्हा दोन मते पडली. काही भगिनी म्हणाल्या, मॉल त्यांचा, नियम त्यांचा. आपण कोण सांगणार? हे म्हणणे खोटे नाही. पण दुसरीही बाजू आहे. ती जमीन शेतकऱ्यांकडून 'सार्वजनिक कामासाठी' म्हणून घेतली गेली. तेथपर्यंत आलेली रेल्वे आणि रस्ते सर्वांच्या पैशाने झाले. आणि आपण गिऱ्हाईक आहोत. आपल्याशिवाय त्या दिव्यांचा काय उपयोग? जाब विचारण्याचा हक्क नसेल, पण विनंती करण्याचा निश्चित आहे. म्हणून मंडळाच्या नावाने पत्र लिहिले: प्रत्येक मजल्यावर दोन बाके असावीत, आणि दुकानदारांनी काउंटरमागे एकेक स्टूल ठेवावे, गिऱ्हाईक नसताना मुलींना बसू द्यावे. दोन महिन्यांनी उद्वाहनाजवळ एक बाक आले. स्टुलाविषयी उत्तर आलेले नाही. दुसरे पत्र तयार आहे. त्यावर जितक्या अधिक सह्या होतील तितक्या हव्यात. वर्धापनदिनाच्या दिवशी ते सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवलेले असेल.

आणखी एक लहानसे काम सुरू केले आहे. मंडळाच्या दप्तरात एक वही घातली आहे. आपल्या परिसरातील कोणत्या जागी कोणते दुकान होते, केव्हा उघडले, केव्हा मिटले, हे ज्या भगिनीला आठवेल तिने तीत लिहावे. सेक्टरातील गिरणी, शिंप्याचे दुकान, नाक्यावर बसणारी कोळीण, मॉलमधील पुस्तकांचा कोपरा, सगळे लिहावे. तारीख नक्की ठाऊक नसेल तर 'मोठ्या मुलाच्या दहावीच्या वर्षी' असे लिहिले तरी चालेल. त्या वहीत एक रकाना मी मुद्दाम आखला आहे. त्याचे शीर्षक आहे 'बसायला जागा होती का?' त्यात दोन उत्तरे लिहावयाची आहेत, एक गिऱ्हाइकाचे आणि एक विकणाऱ्याचे.

असो. लेख ठरविल्यापेक्षा लांबला. पुढच्या खेपेला मॉलमध्ये जाल तेव्हा कपडा पसंत पडो न पडो, दाखविणाऱ्या मुलीला एवढे जरूर विचारा, "बाळ, तुला बसायला मिळतं का?" तिने काय सांगितले ते वहीत लिहून ठेवा. आपल्यानंतर येणाऱ्या भगिनी जेव्हा या मंडळाची पुढची स्मरणिका काढतील, तेव्हा दुकानांची नावे खचित बदललेली असतील. त्या रकान्यातील उत्तर तरी बदललेले असावे, एवढीच इच्छा.